कर्ण जुळत नाहीत

नेरुळ, खाडीकडची बाजू, नववा मजला.
बिल्डरने हा हॉल आखला तेव्हा
कुणाचा तरी हात दमलेला असावा.
खिडकीकडची भिंत दाराकडच्या भिंतीपेक्षा
चार इंच लांब.
राहणाऱ्यांना हे कळत नाही. त्यांना इतकंच वाटतं
की सोफा कुठेही ठेवला तरी
कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं दिसतं.

मी आधी लादीवर पिवळी चिकटपट्टी मारते
आणि सांगते, आठवडाभर असंच राहा,
पट्टीच्या आत गालिचा आहे असं समजून.
हेमलताताई कारखानीस त्याच संध्याकाळी
आत पाट टाकून
बिरड्यासाठी वाल सोलायला बसल्या.
त्यांचे यजमान शरच्चंद्र, निवृत्त भूमापक,
पट्टीच्या बाहेरून फिरत राहिले
दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरात पाय पडू नये तसे.

रंग ठरवायला साडेचारला गेले, हॉलमध्ये ऊन येतं तेव्हा.
लोकरीचे गोंडे एकेक करून खिडकीत धरले.
मोतिया. विटकरी. राखी.
ताई गोंड्यांकडे बघतच नव्हत्या.
"तो," म्हणाल्या, आणि बोट खाली,
ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलाकडे.
करड्यात थोडं जांभळं, कडेला शेवाळ्याचा संशय.
असा रंग कार्डावर नसतो.
तीनदा रंगवून आणला, तिसऱ्यांदाही
ताई म्हणाल्या, "भरती यायच्या जरा आधीचा."

भदोहीहून इक्रामभाईंचा फोन.
एक बाजू आठ फूट, समोरची आठ फूट दोन इंच,
लिहिताना चूक झाली का?
म्हटलं, चूक खोलीची आहे.
तुम्ही तिच्यातली अर्धी विणा.
(चारातले दोन इंच गालिच्यात घेतले होते,
एक पडद्याच्या चुण्यांत लपवला.
उरलेल्या एकाचं काही सुचलं नाही.)

अकरा आठवड्यांनी दोन पोरांनी खांद्यावरून आणला,
लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने.
उलगडला. लोकरीचा ओला वास.
सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर, मागचे लादीवर,
खुर्ची जराशी तिरकी,
आणि खोली खाली बसली.
मला दुसरा शब्द माहीत नाही.

शरच्चंद्र आतून पोलादी टेप घेऊन आले.
ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
मग उरलेले दोन.
चष्मा कपाळावर.
"कर्ण जुळत नाहीत," म्हणाले,
"तुमचा आयत आयत नाही, बाई."
मी म्हटलं, आता भिंती मोजा.

मोजल्या. पुन्हा मोजल्या.
ताईंनी कॉफी ठेवली, तिच्यावर साय धरली.
एकोणीस वर्षं ह्या खोलीत,
आणि टेप आतल्या कपाटात.

मग टेप गुंडाळत, माझ्याकडे न बघता:
"एका गावात एक बांध होता. वाकडा, दीड हात.
नकाशावर मी तो सरळ ओढला.
चार वाजत आले होते, आणि पट्टी सरळच असते."
कुणाचा बांध, मी विचारलं.
सपाता काढून ते गालिच्यावर आले,
पायाच्या अंगठ्याने तिरकी कड चाचपत
शेवटपर्यंत चालत गेले.
मग खाली बसले, गुडघ्यांना विचारून विचारून.
ताईंनी वालाचं पातेलं मधोमध सरकवलं.
"मला येत नाही," ते म्हणाले.
"चिमटीत धरा, आपोआप निसटतो."

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा संदेश,
पूर्णविरामांसकट:
बिल बारा बाय आठ धरून केलेले आहे.
समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ सत्त्याण्णव भरते.
एक चौरस फूट मी आपले देणे लागतो.
कळवावे, कुठे भरू.