सुतळीची गाठ

लिफ्टचं दार.
टेप सापडेना, म्हणून सुतळीने मापलं, गाठ मारली,
आणि गाठ पर्समध्ये टाकून
मालाडला, ऑर्लेममध्ये, लव्हीनाबाईंच्या गॅलरीत.

डबल बाबागाडी. शेजारी-शेजारी दोन सीट,
निळा रंग एकाच सीटचा उडालेला.
"ऊन नेहमी थोरल्याच्याच बाजूला यायचं," त्या म्हणाल्या.

मी चाकं फिरवली. एक किरकिरतं.
ब्रेक दाबला, पट्टे ओढून पाहिले.
शिवणीत बोट घातलं तर
ग्लुकोज बिस्किटाचा चुरा
आणि शर्टाचं इवलंसं बटण.

सुतळी धरली:
गाठीच्या पुढे दोन बोटं जास्त.

सुनेत्रा तोवर चढून बसलेली, उडालेल्या रंगावर,
रिकाम्या सीटवर थापट्या मारत,
"बाळ इथे. बाळ इथे."
कालच म्हणाली होती,
बाळ कचऱ्याच्या गाडीत देऊन टाक.

"दोन हजार," लव्हीनाबाई म्हणाल्या.
मग, मी काहीच न बोलता, "बरं, पंधराशे."
बटण तेवढं मागून घेतलं,
मुठीत धरूनच दारापर्यंत आल्या.

बाबागाडी आता जिन्याखाली असते,
मीटरच्या पेटीला बांधलेली,
त्याच सुतळीने.
बाळाला काखेत घेऊन दोन मजले उतरते मी,
सुनेत्रा पुढे,
एकेका पायरीला बसत.