दोन टिकल्या

गंजगोलाईतल्या दहिवाळांनी पत्रा ठोकून दिला,
दोन टिकल्या कापल्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या.
"कोणत्या देवीला?"
देवीला नाही काका, मोजायला.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पावतीवर लिहिलं : मोजणी.

एक टिकली उघडी.
दुसरी कॅडमियमच्या डबीत, झाकण लावून.
डबी सावकाश आलेल्यांना दारातच गिळते,
घाईतले तेवढे आत पोचतात.
दोघींतला फरक, तेच माझं उत्तर.

पण सावकाश करायला पाणी लागतं.
मुंजाजीनं टँकरवाल्याशी हुज्जत घालून टाकी भरली, अकराशे लिटर,
आणि काठावर बोट ठेवून म्हणाला,
"एवढं पाणी, मॅडम, अन् प्यायचं कुणीच नाही?"
त्याच्या गल्लीत नळ दहाव्या दिवशी येतो.

मी न्यूट्रॉनचं सांगू लागले :
नवखा माणूस तरातरा गोलाईत शिरतो,
सोळा रस्ते, धक्क्याधक्क्यानं जोर ओसरतो,
शेवटी कुठून आलो तेही विसरून
गर्दीच्याच चालीनं चालू लागतो.
"म्हंजे आमच्या मेव्हण्यावानी."
हे मी वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

बारा दिवस टिकल्या नळीच्या तोंडाशी.
काढल्या की घाई :
सोन्यात जे जागं झालंय
ते पावणेतीन दिवसांत निम्मं उरतं,
बाकीचं गुपचूप पारा होतं.
रात्रभर मोजयंत्र टिकटिकलं.
पहाटे पडद्यावर चारशे अकरापाशी एक टेकडी,
बालाघाटातल्यासारखी, बुटकी.

मग नळीसमोर पाटी ठेवली,
नवजात बाळांच्या पेटीची ऊब सांभाळणारी.
तिच्या स्मृतीत सगळीकडे शून्य लिहिलं
आणि वाट पाहिली.
एकोणिसाव्या रात्री, तीन वाजून बारा मिनिटांनी,
एक शून्य उठून एक झालं.
आवाज नाही, धूर नाही.
असंच एखादं घर पालटलं
तर छत्तिसाचे बावन्न होतात,
आणि पेटी तेच खरं मानते.

किती आले हे ठाऊक नसेल
तर एक पालटलं याला काय अर्थ?
म्हणून तर टिकल्या.

दहिवाळांनी त्या परत तोलल्या.
"गुंजभरही घट नाही," म्हणाले.
मी पाऱ्याचं बोलले नाही.

आकड्यात अजून सात टक्क्यांचा संशय आहे.
मुंजाजी टाकी रिकामी करतोय,
नळी वसतिगृहाच्या लिंबांकडे वळवून.
त्याला अजून सांगितलेलं नाही
की सोमवारी पुन्हा भरायची आहे.