फोटोत येत नाही

नवतपा लागलेला. कूलरच्या गवताचा ओला वास.
शाळा बंद, ग्रुप फोटोंचा सीझन फेब्रुवारीतच आटोपलेला.
हात रिकामे होते, हेच खरं कारण.

डोळा लावला तर
उजवीकडे वर एक काळा ठिपका
आणि त्याच्या खाली वाकडा, केसापेक्षा बारीक तंतू.
वर्षभर होतेच ते तिथे.
त्या दुपारी खुपले.

लेन्स काढली. आत तिरपा निजलेला आरसा,
आणि त्याच्यावर, छताला धरून,
दुधी काच. काच कसली, प्लास्टिकच,
टपालाच्या तिकिटाएवढं.
जग कॅमेऱ्यात शिरलं की
आधी इथे टेकतं.

तोंडाने फुंकर मारली. मारायची नसते.
मग चष्म्याचं फडकं.
तेही नसतं लावायचं.
ठिपका सरकला, कोपऱ्यात जाऊन बसला,
आणि फडक्यातल्या कुठल्याशा कणाने
एक रेघ ओढली,
डावीकडून, जरा चढती,
सोनेगावहून उठलेल्या विमानामागे राहते तशी.
फक्त ती विरली नाही.

गोळीबार चौकातून आत, तिसरी गल्ली.
हेडाऊंच्या दुकानाला पाटी नाही.
वडील मागावर बसायचे, म्हणून असेल,
यांची बोटं कुठलीही वस्तू ताण न देता धरतात.
बराच वेळ डोळा लावून बसले.
मग म्हणाले,
"हा तंतू कापसाचा. आमच्याकडला म्हना.
हा ठिपका कोराडीची राख असंन.
आन् हे रेघ तुमची."

मी मान खाली घातली.

"फोटोत येऊन रायली का?"
नाही.
"मंग कायले खाजवत बसता, ताई?
थे तुमाले दिसते. फोटोले नाही दिसत."

त्यांनी कॅमेरा उलटा धरला,
तान्ह्या पोराचं नाक साफ करायचा रबरी फुगा घेतला,
दोनदा दाबला.
राख पडली. कापूस गेला.
रेघ होती तिथेच.
"हिले फुगा काय करंन? काच बदला.
दिल्लीहून येते, पंधरा दिवस.
नाही तं राहू द्या."
चाळीस रुपये घेतले, आणि वर चहा पाजला.

जानेवारीत पुन्हा शाळा सुरू झाल्या.
बाकांवर उभे, खुर्च्यांवर बसलेले, पुढे मांडी घातलेले.
माझी रेघ नेमकी दुसऱ्या ओळीतून जाते,
डावीकडून चौथ्या चेहऱ्यावरून.
तो मला नीट दिसत नाही,
म्हणून मी कॅमेरा खाली घेते
आणि त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहते.
बाकीच्या एक्कावन्न जणांना मी असं पाहत नाही.

उमरेड रोडला तिथे एक मुलगी होती,
पडलेला दात लपवायला ओठ घट्ट मिटून.
सक्करदऱ्यात, खालच्या बटणाच्या काजात वरचं बटण.
हुडकेश्वरला कोणीतरी नुसताच कंटाळलेला.

जरिपटक्यात एक मुलगा होता,
डोळे लाल, गालावर सुकलेला ओघळ.
म्हटलं, थांबा सगळे. जा रे, तोंड धुऊन ये.
उन्हात पन्नास पोरं ताटकळली.
मॅडम म्हणाल्या, अहो, एकासाठी?
मला रेघेचं सांगता आलं नाही.
नळ शाळेच्या मागे होता, त्याला वेळ लागला.

काच आली होती. दिल्लीची, पाकिटात बंद.
हेडाऊंनी फोन केला, मी जाऊन पैसे दिले.
टेबलाच्या खणात आहे, सेलांच्या शेजारी.

जरिपटक्याचा फोटो मोठा करून पाहिला.
आभाळ कोरं, बाक सरळ,
कुठे ओरखडा नाही.
दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा,
कॉलर ओली.

या मेमध्ये पुन्हा एक ठिपका आलाय.
मी अजून हात लावलेला नाही.