काटा

सास्काटूनमध्ये उणे एकतीस.
तळघरातली भट्टी रात्रभर धापा टाकते
आणि घरातली सगळी ओल पिऊन टाकते.

ओरेस्तने पेटी उघडली. देवदाराचा वास, फिका.
एक सिगार दोन बोटांत दाबून
कानाशी नेली : कुरकुरली.
वरचं पान टोकाशी उकललेलं.
काटा मात्र सत्तरवर, निवांत.

अकरा वर्षं हा काटा सत्तरवर.
अकरा वर्षं दोष एस्तेलीतल्या वळणाऱ्यांचा,
टपालवाल्याचा,
आणि व्हर्नाचा, स्वयंपाकघराची खिडकी
ती उघडी टाकते म्हणून.

शेवटी बाटलीच्या झाकणात ओलं मीठ,
शेजारी काट्याची तबकडी,
दोघं एका बंद पिशवीत, रात्रभर.
पंचाहत्तर दिसायला हवेत.
सकाळी चौऱ्याऐंशी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
हे न खाल्लेलंच जागलं.

चष्मा पुसून त्याने मागचा स्क्रू फिरवला,
नऊ घरं मागे.
पेटीत पाणी ठेवलं, थोडंच.
घाईने भिजवलं तर पान फाटतं.

मग वर गेला.
व्हर्ना पॅनकेक उलटत होती.
"खिडकी उघडायची तर उघड," तो म्हणाला.
तिने बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं,
मग त्याच्याकडे.
"आत्ता?"