अकरा अक्षरांचं गाव

बऱ्हाटे भाऊ रजेवर, आणि माझं अक्षर बरं,
म्हणून चटयांच्या गठ्ठ्यांवर नाव छापायचं माझ्याकडे आलं.
पत्र्याची कोरलेली पट्टी, काळा रंग, दाढीचा जुना ब्रश.
ओ यू ए जी ए डी ओ यू जी ओ यू.
तिसऱ्या ओच्या पोटात रंग उतरला
आणि तो बुबुळासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"वाच ना ताई," देवकाबाई म्हणाली, "काय शे हाई?"
मी जसं लिहिलंय तसं वाचलं,
गिरणीतल्या दगडावर अडखळावं तसं:
ओउआगाडाऊगू.
पॅकिंगच्या बाया खाली बसल्या हसून हसून.
"शेवटले गू! माय वं, गावना नावले गू!"

उखर्डूदादा तेवढा हसला नाही.
पोर जगावं म्हणून ज्याला उकिरड्याचं नाव दिलं
त्याला नावातल्या घाणीचं काय.
गठ्ठा खांद्यावर घेत म्हणाला,
"वाघडू शे ते. मना मामाना आंडोरनं नाव."
तेव्हापासून लोडिंगला ती गाडी वाघडूची.

शेठचा मुलगा पुण्याला शिकून आलाय.
तो म्हणे, इंग्रजीत वागाडूगू म्हणायचं, पुढचा ओ गिळायचा.
मग तो लिहायचा कशाला, हे त्यालाही माहीत नव्हतं.
मोबाईलमधल्या दोन बायांना विचारलं,
एक अमेरिकेची, एक विलायतेची.
दोघींचं जमेना.
न्हावाशेव्याचा एजंट सरळ म्हणतो,
"मॅडम, वो आपका ओवाला माल."

त्याला फोनवर स्पेलिंग सांगायचं होतं.
यू फॉर अंब्रेला माझ्या जिभेवर येईना.
मे महिना, पत्र्याखाली पंचेचाळीस,
आणि एका नावात तीन तीन छत्र्या!
म्हटलं, यू फॉर उनपदेव.
ए फॉर अमळनेर. जी फॉर गिरणा. डी फॉर धुळे.
पलीकडे तो "क्या? क्या?" करतोय.
ओला मात्र गाव आठवेना.
तो तसाच म्हटला, नुसता.

सव्वा महिन्यानं, मंगळवारी, शेठ जेवायला गेलेले,
फोन तिथूनच आला.
इसुफ नावाचा माणूस. चटया पोचल्या म्हणाला.
गावाला समुद्र नाही, ट्रकनं आल्या, दोन गठ्ठे भिजले.
आम्हालाही नाही, मी म्हटलं. समुद्र.
त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच,
शेजारच्या घरून आणलेल्या वाटीसारखं,
जपून धरलेलं, परत करायचं.

बोलता बोलता त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं,
इतकं चटकन, की घेतलं हे मला कळलंच नाही.
आतल्या खोलीतल्या माणसाला कुणी बोलावतं ना, तसं.
पुन्हा म्हणा, म्हटलं. तो म्हणाला. पुन्हा.
ना मुलाचं वागाडूगू, ना मोबाईलमधल्या बायांचं.
त्यातल्या त्यात जवळ
उखर्डूदादाचा वाघडू.

मग तो म्हणाला, आणि तुमचं? झालगाओं?
कागदावर आमचंही असंच छापलेलं, शेवटी एक न लावून.
मी शिकवायला बसले.
ज दातांमागचा, जरीतला, जावयातला नाही.
न, तो म्हणायचा नाही. (तुमचा ओ गिळता ना, तसा.)
आणि ळ. जीभ वर वळवा, सोडा.
या अक्षराला इंग्रजीत घर नाही,
स्टेशनच्या पाटीवर मराठीत ळ, खाली इंग्रजीत ल उभा,
रोज हजार गाड्या बघतात, कुणी विचारत नाही.
इसुफ करत राहिला: झल, जर, जड.
जडगाव.
सोडून दिलं. माल तरी कुठे हलका होता.

तेवढ्यात लाईन तुटायला लागली.
घरघर, मधेच त्याच्याकडची एखादी मोटरसायकल,
आणि तो विहिरीत वाकून हाका मारल्यासारखा,
जडगाव? हॅलो? जडगाव?

मला यस म्हणायचं होतं.
तोंडातून आलं,
ओ.