बा म्हटलं की

हिरेमठ सरांची बदली बिदरला झाली,
तिथल्या दुसऱ्या मजल्यावर कुत्रं चालत नाही,
म्हणून गोकाकहून टेम्पोत बसून तो आला
वडगावला, आमच्या दारात,
सोबत एक जर्मनचं ताट, गळ्यात सुती दोरी.
नाव विचारायचं राहून गेलं.

आम्ही ठेवलं काळ्या.
तीन दिवस काळ्यानं मान वळवली नाही.
चौथ्या दिवशी समोरची नीलव्वा
पाणी भरता भरता सहज म्हणाली, करिया,
आणि घागर खाली टेकायच्या आत
तो तिच्या पायांत.
काळा म्हणजे काळाच की.
पण कानाला अर्थ कुठं कळतो.

मग मी मुठीत ग्लुकोजचं बिस्कीट घेऊन
अंगणात उभी. बस.
तोही उभा.
बस रे. बस की. बस म्हटलं ना!
तो शेपूट हलवतो,
पत्र्यावरच्या कावळ्याकडे बघतो.
शेजारचे सुभेदार पाटणेकर, आता पेन्शनीत,
कठड्यावरनं सांगतात,
एकदाच बोलायचं गे, पोटातनं बोलायचं:
सिट!
त्यांचा नातू मटकन खाली बसला.
करिया नाही.

शेवटी वही घेऊन नीलव्वाकडं गेले.
बेचाळीस वर्षं इथं काढून
बाजारापुरतं कानडी येतं मला,
एष्टु, साकु, चिल्लर इल्ला.
ती सांगत गेली, मी माझ्या अक्षरांत उतरवत गेले:
कुंद्रु, बस.
निंद्रु, थांब.
ब्याड, नको.
बा, ये.

तिथं पेन्सिल अडली.

आमच्या घरात बा म्हणजे बाप.
चाळीस वर्षं दोन पॉवरलूमच्या मधोमध उभा राहिला,
आणि कान तिथंच ठेवून घरी आला.
बा, जेवायला चल, मी ओरडते,
मागच्या दारातनं करिया धावत येतो.
बा, गोळी घेतलीस काय?
करिया.
बा, नळ बंद कर, पाणी वाया चाललंय.
करिया, ओल्या पायांनी.
आणि बा तिकडं खुर्चीत,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत,
मागच्या महिन्याच्या.

नीलव्वा हसून हसून दाराला टेकली.
मी नाही हसले.
वहीतली ती ओळ खोडली,
पुन्हा लिहिली.

एका सोमवारी, लाईट गेलेली,
खडेबाजारातनं फॉलचं कापड घेऊन लवकर परतले
तर अंगणात ते दोघं.
बानं तळवा जमिनीकडं धरला, हळूच दाबला.
करिया बसला.
दोन बोटं वर.
करिया जागचा हलेना, कावळा अगदी जवळ आला तरी.
मूठ छातीकडं ओढली.
आला.
तोंडातनं अवाक्षर नाही.
खिशातनं एक भाजका शेंगदाणा निघाला,
अर्धा त्याला, अर्धा स्वतःला.

हे हात मला ओळखीचे.
शाळेत असताना डबा घेऊन शेडमध्ये जायची,
खटाक खट, खटाक खट, जमीनसुद्धा थरथरायची,
दारातच उभी राहून बघायची.
तळवा खाली: माग बंद कर, धागा तुटला.
दोन बोटं: थांब, कांडी बदलतो.
मूठ छातीशी: ये, चहा आलाय.
बसाप्पा, दाऊद आणि बा
आठ आठ तास असेच बोलायचे,
असेच भांडायचे,
एकदा तर बसाप्पानं बोटांनी सांगितलेल्या विनोदावर
बा इतका हसला की दोन वार कापड बिघडलं.

माझ्याशी हे हात कधी बोलले नव्हते.
मी आपली ओरडत होते.

वही फडताळात आहे, बिस्किटाचा पुडा मऊ पडला.
आता रात्री भाकरी झाली की
मी उंबऱ्यावर उभी राहते,
पिठाची मूठ छातीकडं ओढते.
अंगणात दोघंही वर बघतात,
दोघंही उठतात.
करिया आधी पोचतो.
बा अजून अंधारात
पायानं चप्पल चाचपतोय.