त्रेसष्ट पावलं

टांबळडेगच्या सड्यावर आमचा मनोरा, चाळीस मीटर.
खाली कातळ, पुढे पाणी.
आठवडाभर तक्रार एकच: वळणावर फोन तुटतो.
एक मनोरा हात सोडतो,
दुसऱ्याने धरायच्या आत
माणूस मध्येच पडतो, अर्ध्या वाक्यात.

चढले. पट्टा, हुक, पान्हा, कमरेला फडका.
टोकाला आकाशाकडे तोंड करून बसलेली पांढरी वाटी,
उपग्रहांकडून वेळ मागून घेणारी.
तिच्या गळ्याशी जोड कळकला होता,
पितळेत राहिलेल्या ताकासारखा हिरवा.

म्हणजे नऊ दिवस मनोरा मनानेच वेळ सांगत होता
आणि त्याला वाटत होतं, आपलं बरोबर.
घड्याळ चुकलं की घड्याळाला कळत नाही,
शेजाऱ्याशी पटेनासं होतं, एवढंच.
चूक केवढी? सेकंदाचा लाखावा भाग.
तेवढ्यात उजेड मिठबाव गाठतो.

बाबांना हे सांगितलं की हसतात.
त्यांचं गणित दोन खुणांचं:
देवळाचा कळस मागच्या आंब्यावर आला
आणि दक्षिणेचा काळा खडक टेकडीच्या खांद्यावर,
की दोन रेषा कापतात तिथे जाळं.
आंबा केव्हाच वादळात गेला.
बाबा अजून त्याच्यावरच कळस आणतात,
आणि जाळं बरोबर पडतं.

होडीवर नवा डबा बसवला तेव्हा विचारलं त्यांनी,
तीन उपग्रह पुरत नाहीत? चौथा कशाला?
म्हटलं, तिघांवर जागा ठरते,
पण चौथा सांगतो
तुमचं स्वस्तातलं घड्याळ किती खोटं बोलतंय.
"म्हंजे आमच्या घरातली चौथी तू," म्हणाले.

जुन्या फोनांसाठी मनोऱ्याचा नियम असा:
प्रत्येकाला बोलायला एक चिमूट वेळ.
जो दूर, त्याने थोडं आधी बोलायचं,
म्हणजे शब्द पोचेल तेव्हा पाळी त्याचीच असेल.
साडेपाचशे मीटरला एक पाऊल.
मोजता येतात त्रेसष्ट.
त्यापुढे, पस्तीस किलोमीटरच्या पलीकडे,
मनोरा ऐकू येतो, पडद्यावर एखादी काडीही दिसते,
पण कितीही आधी बोललं तरी
आपला शब्द दुसऱ्याच्या वेळात पडतो.

सुरमईमागे बाबा त्या रेषेबाहेर जातात.
दोन रात्री, कधी तीन.
आई भाकरी थापताना फोन परातीशेजारी ठेवते,
उताणा, पिठाच्या बोटांनी दोनदा पुसलेला.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

नवा जोड रात्रभर टिकतो का बघायला थांबले.
खालच्या खोलीत पंख्याची घरघर, हिरवा दिवा.
घड्याळाने शेवटी मान्य केलं.
मग नोंदी वाचत बसले.
नावं नसतात त्यात, आकडेच असतात.
चार वाजून सतरा मिनिटं: एक हाक.
पाऊल त्रेसष्ट.
एकदाच वाजून बंद.
आईची परात आठवली.
थोड्या वेळाने एकसष्ट.
मग बराच वेळ काही नाही. मी नखाने कळकलेला जोड खरवडत राहिले.
मग साठ.

माझा फोन वाजला.
"खंय आसस गो?"
"टावरार."
पलीकडे इंजिनाचा आवाज, मग तेही ऐकू येईना.
बाबा उत्तराआधी असेच थांबतात,
मासा ओढताना, लग्नाचा विषय निघाला की,
मी ही नोकरी धरली त्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत.
यंत्रं अंतर काढतात ते असं:
हाक गेली, उत्तर आलं,
मधे समोरचा विचारात होता तो वेळ वजा,
उरेल त्याच्या निम्मं.
यंत्रांना तो वेळ सांगितलेला असतो.
मला अंदाजाने वजा करावा लागतो.

दार उघडलं. समुद्र अजून काळाच,
एकही दिवा कुठल्याच दिव्यावर येत नव्हता.
"सत्तावन्न," म्हटलं मी.
"काय ता?"
"काय नाय. येवा तुमी."